शाळेचे नेतृत्व कोणाकडे?

जूनमध्ये शाळा उघडल्या, पुस्तके वाटून झाली, हजेरीपट लागले की महिन्याभरात वर्गप्रमुख ठरतात आणि पाठोपाठ शालेय मंत्रिमंडळ बसते. कुठे वर्गशिक्षक नावे सांगतात, कुठे हात वर करून मतदान होते, तर कुठे उमेदवारी अर्ज, चिन्हे, प्रचार आणि मोबाइलवरच्या मतदानयंत्रासह साग्रसंगीत निवडणूक पार पडते. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत याच सुमारास हेड बॉय आणि हेड गर्ल यांच्या छातीवर बिल्ले लागतात. पद्धती वेगळ्या असल्या तरी मिश्र शाळांतले एक चित्र बहुतेकांच्या ओळखीचे आहे. मुख्यमंत्री किंवा क्रीडामंत्री म्हटले की आधी मुलाचे नाव सुचते. सांस्कृतिक, स्वच्छता किंवा आरोग्य म्हटले की मुलीचे. पाहुणे येणार असले की रांगोळी, औक्षण आणि स्वागतगीत मुलींकडे जाते. बाके हलवणे, घंटा देणे, कवायतीच्या आज्ञा देणे मुलांकडे. असा आदेश कोणी काढलेला नाही, त्यामुळे ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. विचारलेच तर उत्तर तयार असते: आम्ही मुलगा-मुलगी बघत नाही, गुणवत्ता बघतो. या उत्तराची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे. शाळेतला नेता निवडताना गुणवत्ता म्हणून नेमके काय मोजले जाते, ते मोजमाप मुलग्याला आणि मुलीला सारखे लागू होते का, आणि मुलींसाठी जागा राखली तर गुणवत्ता खरोखर घसरते का, या तिन्ही प्रश्नांवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चांगला पुरावा जमला आहे. तो पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की शालेय वयात नेतृत्वाची गुणवत्ता संधीच्या आधी मोजताच येत नाही, कारण ती संधीतूनच घडते. आणि म्हणून न्याय हवा की गुणवत्ता, असा पेच शाळेपुढे मुळात नाहीच.

गुणवत्तेनुसार विद्यार्थी नेता ठरवण्याचा प्रयोग महाराष्ट्राने कायद्याने करून पाहिला आहे. तो महाविद्यालयांत झाला, पण शाळेच्या प्रश्नासाठी त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. 1980 च्या दशकात महाविद्यालयीन निवडणुकांत हाणामाऱ्या वाढल्या, 1989 मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि थेट निवडणुका बंद पडल्या. 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने वेगळी व्यवस्था आणली. आधीच्या वर्षीच्या परीक्षेत चमकलेला प्रत्येक वर्गातला एक विद्यार्थी प्राचार्यांनी नेमायचा. खेळ, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांतून प्रत्येकी एक घ्यायचा. आणि वर दोन विद्यार्थिनी, त्याही प्राचार्यांनीच नेमायच्या. म्हणजे गुणवत्ता याचा अर्थ गुणपत्रिका, असे कायद्यानेच ठरवून टाकले. वसतिगृहाच्या पाण्यासाठी प्राचार्यांशी कोण बोलू शकेल, दोन गटांतले भांडण कोण मिटवील, परीक्षेचे वेळापत्रक बदलून घ्यायला विद्यापीठात कोण जाईल, यांपैकी कशाचेही उत्तर टक्केवारीत नसते. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने पुन्हा थेट निवडणुकीची तरतूद केली. त्यात अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि आरक्षित प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी अशी रचना आहे. 2019 मध्ये या निवडणुका व्हायच्या होत्या, त्या पुढे ढकलल्या गेल्या.

दोन्ही कायद्यांची पद्धत परस्परविरुद्ध आहे, पण त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. मुख्य पदे सर्वांना खुली आणि बाईसाठी बाजूला एक वेगळी खुर्ची. महाविद्यालयांतल्या बोलीत ही पदे जी.एस. आणि एल.आर. म्हणून रुळली. जी.एस. म्हणजे जनरल सेक्रेटरी, साऱ्या महाविद्यालयाचा, एल.आर. म्हणजे लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह, मुलींची. मुलींच्या कॉमन रूमची तक्रार, गॅदरिंगची सजावट, साडी डे एवढ्यापुरतीच एल.आर. आठवते. मुलींसाठी एक पद राखले की उरलेली सगळी पदे न सांगता मुलांची होतात, हे या दोन अक्षरी संक्षेपांइतके स्पष्ट क्वचितच दिसते. त्यामुळे जागा राखणे या कल्पनेचा विचार करताना कोणती जागा राखली, हा प्रश्न किती जागा राखल्या याच्या आधी यायला हवा.

आता गुणवत्तेकडे वळू. गुण हाच निकष खरेच प्रामाणिकपणे लावला तर महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांचे मुख्यमंत्रिपद मुलींकडे जाईल. दहावीच्या निकालात मुली वर्षानुवर्षे पुढे आहेत. 2024 मध्ये राज्यात 97.21 टक्के मुली आणि 94.56 टक्के मुले उत्तीर्ण झाली. 2025 मध्ये 96.14 टक्के मुली आणि 92.31 टक्के मुले. पण नेता निवडायची वेळ आली की निकष हळूच बदलतो. आता अभ्यास मागे पडतो आणि धडाडी, आवाज, वर्ग ताब्यात ठेवण्याची ताकद, मैदानावर उशिरापर्यंत थांबण्याची तयारी हे गुण पुढे येतात. हे गुण नेतृत्वाला लागत नाहीत असे मी म्हणत नाही. पण आठवीतल्या मुलीला घरी पोचण्याची वेळ ठरवून दिलेली असते आणि तिच्या भावाला नसते, तेव्हा उशिरापर्यंत थांबण्याची तयारी हा गुण मुलाचा की घराचा, हे ठरवावे लागेल. मोठ्या आवाजाचेही तसेच आहे. चढ्या आवाजात बोलणारा मुलगा धीट ठरतो आणि तशाच आवाजात बोलणारी मुलगी आगाऊ. गुण एक, नावे दोन.

ही केवळ तक्रार नाही, तिचा प्रयोग झालेला आहे. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात अर्थशास्त्रज्ञ लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना ग्रामप्रमुखाचे एक भाषण ऐकवले. मजकूर तोच, काहींना तो पुरुषाच्या आवाजात ऐकवला आणि काहींना बाईच्या. ज्या गावांत कधीही स्त्री प्रमुख झालेली नव्हती, तिथे पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या भाषणाला कमी दर्जा दिला. अमेरिकेत एमिलियो कास्टिया आणि स्टीफन बेनार्ड यांनी 2010 मध्ये याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. आमची संस्था गुणवत्तेवर चालते, असे ज्यांना आधी ठासून सांगितले होते, त्या व्यवस्थापकांनी सारख्याच कामासाठी पुरुष कर्मचाऱ्याला जास्त बोनस दिला. आपण निःपक्षपाती आहोत याची खात्री असली की माणूस स्वतःचा निर्णय पुन्हा तपासून पाहत नाही. शिक्षक हा मुळात सद्भावनेने काम करणारा माणूस, आणि आपण सगळ्यांना सारखे वागवतो अशी त्याची प्रामाणिक खात्री असते. म्हणून हा निष्कर्ष शिक्षकांनी अधिक गांभीर्याने घ्यावा असे मला वाटते.

नेहमीचा एक आक्षेप असा: आम्ही विचारतो, पण मुलीच पुढे येत नाहीत. हे बऱ्याच वर्गांत खरे आहे आणि ते नाकारून उपयोग नाही. प्रश्न इतकाच की त्या कधीपासून मागे राहू लागतात. लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिंपियन यांनी 2017 मध्ये अमेरिकेतल्या लहान मुलांवर केलेला अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. अतिशय हुशार माणूस कोण, असे विचारल्यावर पाच वर्षांच्या मुली आणि मुलगे सारख्याच प्रमाणात आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे बोट दाखवत होते. सहाव्या-सातव्या वर्षी मुलींनी ते कमी केले. शाळेत पाऊल ठेवल्यावर वर्ष-दोन वर्षांत हे होते. तुर्कस्तानात सुले आलान आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तर आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. गटाच्या वतीने जोखमीचा निर्णय घ्यायला कोण तयार आहे, हे त्यांनी शाळकरी मुलांत तपासले. लहान वयात मुलगे आणि मुली सारख्याच तयार होत्या. किशोरवयात पोचल्यावर मात्र पुढे येणाऱ्या मुलींचे प्रमाण 39 टक्क्यांनी घसरले. चारचौघांत काम करून दाखवण्याचा आत्मविश्वास या फरकामागे मोठ्या प्रमाणावर होता. आपल्याकडे शालेय मंत्रिमंडळाची खरी निवडणूक होते ती सातवी-आठवीच्या पुढे, म्हणजे नेमकी ही घसरण होऊन गेल्यावर. तोवर वाट पाहायची, मग हात वर करायला सांगायचे, आणि कमी हात वर आले की मुलींनाच रस नाही असे नोंदवायचे, हे मोजमाप चुकीच्या वेळी घेतलेले आहे.

ही घसरण निसर्गाने ठरवलेली असती तर ती सगळीकडे सारखी दिसली असती. 2009 मध्ये उरी नीझी, केनेथ लेनर्ड आणि जॉन लिस्ट यांनी टांझानियातल्या मसाई आणि आपल्या मेघालयातल्या खासी समाजात एकच साधा खेळ लावला: बादलीत चेंडू टाकायचे, मोबदला आपापला घ्यायचा की दुसऱ्याशी स्पर्धा करून जास्त मिळवायचा हे आपण ठरवायचे. पितृप्रधान मसाई समाजात स्पर्धा निवडणारे पुरुष बायकांच्या जवळजवळ दुप्पट निघाले. आईच्या नावाने वंश चालणाऱ्या खासी समाजात बायका पुरुषांच्या पुढे होत्या. यासाठी मेघालयापर्यंत जाण्याचीही गरज नाही. पुण्याची हुजूरपागा 1884 पासून मुलींना शिकवते आहे. तिथे आणि राज्यातल्या शेकडो कन्याशाळांत घंटा मुलीच देतात, बाके मुलीच उचलतात, कवायतीच्या आज्ञा मुलीच देतात, आणि विद्यार्थी प्रमुख होण्यासाठी पात्र मुलगी सापडत नाही अशी अडचण तिथे येत नाही. त्या मुली वेगळ्या समाजातून आलेल्या नसतात. शेजारच्या मिश्र शाळेत जाणाऱ्या मुलींच्याच त्या सख्ख्या-चुलत बहिणी. फरक एवढाच की तिथे काम समोर येते आणि ते करायला दुसरे कोणी नसते.

मग जागा राखली तर काय होते? या प्रश्नाचा जगातला सर्वांत मोठा प्रयोग भारतातच चालू आहे. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत हे प्रमाण 50 टक्के केले. बंगालमध्ये राखीव पंचायती आळीपाळीने ठरत असल्यामुळे संशोधकांना राखीव आणि बिनराखीव गावांची निखळ तुलना करता आली. बीरभूममधल्या 495 गावांत किशोरवयीन मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना पुढच्या आयुष्याबद्दल विचारले गेले. शिक्षण किती घ्यायचे, लग्न कधी करायचे, काम कोणते करायचे, याबाबत मुलगे आणि मुली यांच्या आकांक्षांत मोठी दरी होती. सलग दोन कार्यकाळ स्त्री प्रमुख पाहिलेल्या गावांत ती दरी मुलामुलींच्या मनात 32 टक्क्यांनी आणि पालकांच्या मनात 25 टक्क्यांनी कमी झाली, आणि प्रत्यक्ष शिक्षणातला मुलामुलींमधला फरक पुसला गेला. 2012 चा हा निष्कर्ष. त्याच संशोधकांच्या 2009 च्या अभ्यासात पुरुष मतदारांबद्दल एक बारकावा आहे, तो मला विशेष महत्त्वाचा वाटतो. स्त्री नेता आवडते का, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर अनुभवाने फारसे बदलले नाही. स्त्री नेता काम नीट करू शकते का, याचे मात्र बदलले. आवड बदलायला पिढी जाते; क्षमतेविषयीचा गैरसमज काम डोळ्यांसमोर झाले की निवळतो. शाळेला एवढे पुरेसे आहे.

मुंबईचा पुरावा याहून नेमका आहे. महापालिकेच्या 1997 च्या निवडणुकीत जे प्रभाग स्त्रियांसाठी राखीव होते, त्यांतले काही 2002 मध्ये खुले झाले. रिखिल भवनानी यांनी 2009 मध्ये दाखवले की अशा खुल्या झालेल्या प्रभागात स्त्री निवडून येण्याची शक्यता 1997 मध्ये राखीव नसलेल्या प्रभागाच्या सुमारे पाचपट होती. जागा राखली होती तेव्हा ज्या बायका पुढे आल्या, त्या आरक्षण काढून घेतल्यावरही लढल्या आणि जिंकल्या. त्या पात्र नव्हत्या म्हणून आधी दिसत नव्हत्या, असे आता म्हणता येणार नाही. आणि गुणवत्ता घसरते या भीतीचे सर्वांत थेट उत्तर स्वीडनमधून आले. तिथल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने 1993 मध्ये उमेदवारांच्या यादीत एक पुरुष, एक स्त्री असा आळीपाळीचा नियम केला. टिमोथी बेस्ली आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये त्याचा हिशेब मांडला, तेव्हा निवडून आलेल्या पुरुषांची सरासरी कुवत वाढलेली आढळली. जागा कमी झाल्यावर आधी बाहेर पडले ते सामान्य कुवतीचे पुरुष, ज्यांना ओळखीपाळखीने जागा मिळत होती. शाळेच्या भाषेत सांगायचे तर मुलींना अर्धी पदे दिल्याने हुशार, कष्टाळू मुलगा वगळला जाईल ही भीती अस्थानी आहे. ज्याला केवळ सवयीने पद मिळायचे, त्याचे पद जाईल.

पंचायत आणि शाळा यांत फरक आहे, हे मान्य. पंचायतीच्या राखीव जागांबद्दल पहिला आक्षेप सरपंचपतीचा असतो: सही बाईची, कारभार नवऱ्याचा. शाळेतही हा धोका वेगळ्या रूपात येतो. मुख्यमंत्री म्हणून मुलीचे नाव फलकावर लागते, पण परिपाठाचे नियोजन, सहलीचे ठिकाण, स्नेहसंमेलनाचा खर्च हे सगळे शिक्षक ठरवतात आणि तिला केवळ आभारप्रदर्शन उरते. हे मुलाच्या बाबतीतही होते. बालसंसदेला खरे अधिकार नसतील तर तिच्यातला लिंगभाव सुधारून काहीच हाती लागत नाही. राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनियाच्या रात्रशाळा यासाठी पाहण्यासारख्या आहेत. दिवसा शेळ्या राखणारी मुले तिथे संध्याकाळी शिकतात आणि त्यांची निवडून आलेली बालसंसद शाळा कशा चालतात यावर देखरेख ठेवते. तिच्या पंतप्रधानपदी बारा वर्षांची, सकाळी वीस शेळ्या सांभाळणारी मुलगी बसलेली आहे. तिचे पद शोभेचे राहिले नाही, कारण मोठ्यांना तिला जाब द्यावा लागत होता.

दुसऱ्या बाजूचा आक्षेपही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवा. मुली आता सगळीकडे पुढे आहेत, शिक्षकांचा ओढा त्यांच्याकडेच असतो, मुलांवर अन्याय होतो, असे अनेक पालक बोलतात. यात तथ्य आहे. इस्रायलमध्ये व्हिक्टर लेव्ही यांनी 2008 मध्ये दाखवले की विद्यार्थी ओळखून दिलेले गुण आणि नाव झाकून दिलेले गुण यांची तुलना केली, तर शिक्षकांचा कल मुलांच्या विरुद्ध जातो. फ्रान्समधल्या अभ्यासातही गणिताचे शिक्षक मुलींना झुकते माप देताना दिसले. आपल्या वर्गात हे वर्गप्रमुखाच्या निवडीत दिसते. अक्षर चांगले, वही टापटीप, उलट उत्तर नाही, म्हणून मुलीला वर्गप्रमुख केले जाते, आणि काम काय तर बडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे. यात मुलावर अन्याय आहेच, कारण चुळबुळ्या मुलाला जबाबदारी कधी मिळतच नाही आणि तो कायम फळ्यावरच्या यादीत राहतो. पण मुलीचाही यात फायदा नाही. आज्ञाधारकपणाबद्दल मिळालेले पद आणखी आज्ञाधारकपणा शिकवते. शिक्षकांची मदतनीस होणे आणि विद्यार्थ्यांची प्रतिनिधी होणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम मुलींकडे आणि दुसरे मुलांकडे, अशी वाटणी झाली की आकडेवारीत समानता दिसते आणि अधिकार होते तिथेच राहतात. निकष लेखी आणि उघड असावेत ही मागणी म्हणूनच मुलांच्याही हिताची आहे.

निवडणूक घ्या म्हणजे प्रश्न सुटेल, असे म्हणणाऱ्यांना दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाकडे बोट दाखवावे लागेल. तिथे खुले, थेट मतदान होते; पण 2008 नंतर, 2025 च्या निवडणुकीपर्यंत, एकही विद्यार्थिनी अध्यक्ष झालेली नाही. विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी 2006 पासून लागू आहेत. त्यांत उपस्थिती, वय, खर्चाची 5,000 रुपयांची मर्यादा असे बरेच काही आहे आणि त्यातून पैशाला नि दंडेलीला लगाम घालण्याचा प्रयत्न झाला. मतदाराच्या मनातली नेत्याची प्रतिमा त्याने बदलली नाही. शाळेतले मतदान तर ओळख, गल्ली, कधी जात आणि बहुतेक वेळा मैत्री यांवर होते. लोकशाही शिकवण्यासाठी ते जरूर घ्यावे, पण मतपेटीतून आपोआप गुणवत्ता निघते असे मानू नये. आणि जातीचा उल्लेख झालाच आहे तर हेही सांगायला हवे की मुलींना न्याय म्हणून वस्तीतल्या त्याच चार घरांतल्या मुलींना पदे दिली, तर प्रश्न अर्धाच सुटतो. रीमा हन्ना आणि ली लिंडन यांच्या भारतातल्या अभ्यासात, उत्तरपत्रिकेवर खालच्या मानलेल्या जातीचे नाव दिसले की गुण कमी पडत होते. मुलगी असल्यामुळे मात्र गुण कमी झालेले आढळले नाहीत. कोणत्या मुलीला संधी मिळते, हे मुलींना संधी मिळते का याच्याइतकेच तपासले पाहिजे.

इंग्रजी माध्यमातली हेड बॉय आणि हेड गर्ल ही जोडी एल.आर.पेक्षा बरी आहे, कारण तिथे दोघांचा दर्जा निदान कागदावर सारखा असतो. तिच्यावर टीका होते ती अशी की सर्वांत योग्य दोन विद्यार्थी दोन्ही मुलीच किंवा दोन्ही मुलगेच असतील तर त्यांना का अडवायचे? तर्काला हे पटते. पण आतापर्यंतचा पुरावा लक्षात घेता, सर्वांत योग्य कोण हे अचूक सांगणारी मोजपट्टी शाळेकडे आहे, हे मी मानायला तयार नाही. जोवर ती नाही, तोवर प्रत्येक पदावर दोघे, एक मुलगा आणि एक मुलगी, हा नियम चूक होण्याची शक्यता कमी करतो. अट एकच. कामांची वाटणी लिंगानुसार करायची नाही. हेड गर्लने पाहुण्यांना फुले द्यायची आणि हेड बॉयने भाषण करायचे असेल, तर दोन बिल्ले असूनही नेता एकच उरतो. एका सत्रात जो खेळ सांभाळेल त्याने दुसऱ्या सत्रात स्नेहसंमेलन सांभाळावे. ज्या विद्यार्थ्याला स्वतःची ओळख या दोन्ही चौकटींत सापडत नाही, त्याच्यासाठी पदाचे नाव नुसते ‘विद्यार्थी प्रमुख’ असणे अधिक सोयीचे. कामाच्या दृष्टीनेही तेच नाव सरळ आहे.

खरा पाया मात्र खालच्या वर्गांत घालावा लागेल. पहिली ते सातवीपर्यंत वर्गप्रमुख निवडूच नये. ते काम हजेरीपटाच्या क्रमाने दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाकडे जावे. हजेरीपटही आधी सगळे मुलगे, मग सगळ्या मुली असा नको, सरळ अकारविल्हे असावा. चाळीसच्या वर्गात दोघादोघांची जोडी केली तर सुट्ट्या धरूनही वर्षभरात प्रत्येकाची पाळी येते. अबोल मूल, तोतरे बोलणारे मूल, सतत उशिरा येणारे मूल यांच्याही वाट्याला पंधरा दिवसांचे काम येते, आणि शिक्षकाला पहिल्यांदाच खरी माहिती मिळते की कोणाला काय जमते. गणितात चांगल्या निघालेल्या दोघा मुलांनाच पाढे शिकवायचे, बाकीच्यांना नाही, असे कोणतीही शाळा म्हणत नाही. नेतृत्वाच्या बाबतीत मात्र आपण वर्षानुवर्षे हेच करत आलो आहोत. आठवीपासून पुढे निवड असावी, पण पदाचे काम, लागणारा वेळ आणि निकष आधी फलकावर लागावेत. किमान पात्रता पूर्ण करणाऱ्यांत निर्णय अवघड झाला तर चिठ्ठ्या टाकायला संकोच नको. दहाव्या शतकातल्या तमिळनाडूच्या उत्तिरमेरूर शिलालेखात ग्रामसभेच्या समित्यांसाठी आधी पात्रता आणि मग घड्यातून चिठ्ठी, अशी पद्धत कोरून ठेवली आहे. त्या पात्रतेत स्त्रिया नव्हत्या आणि जमिनीची अट होती, पण चिठ्ठीपुढे वशिला चालत नाही हे तेव्हाच्या लोकांना उमगले होते. बोलिव्हियात कोचाबांबाजवळच्या काही शाळांनी गेल्या दशकात विद्यार्थी मंडळे अशीच चिठ्ठीने निवडून पाहिली.

यावर शेवटचा आक्षेप वेळेचा असतो. अभ्यासक्रम, ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामे यांत बुडालेल्या शिक्षकाला हे नवे ओझे कशाला? आक्षेप खरा आहे, पण पाळीपाळीच्या वर्गप्रमुखाला निवडणुकीपेक्षा कमी वेळ लागतो, आणि कामांची अदलाबदल करायला पैसे लागत नाहीत. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघे मिळून पालेभाजी निवडताना दाखवले, तेव्हा त्या एका चित्राची चर्चा राज्यभर झाली. हरियाणातल्या 314 शाळांत ब्रेकथ्रू संस्थेने सातवी-आठवीच्या मुलांशी अडीच वर्षे लिंगभावावर चर्चा घडवली आणि मुलामुलींचे विचार मोजण्याइतके बदलले, हे 2022 मध्ये सिद्ध झाले. पुस्तक आणि चर्चा यांनी एवढे होते. रोजच्या परिपाठात, समोर उभे राहून आज्ञा देणारी मुलगी आणि पाहुण्यांसाठी रांगोळी काढणारा मुलगा दिसला तर त्याचा परिणाम याहून कमी असेल, असे मानायला मला कारण दिसत नाही.

गोव्याला 1973 मध्ये शशिकला काकोडकर यांच्या रूपाने स्त्री मुख्यमंत्री मिळाली. 1960 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्राला अजून एकही मिळालेली नाही, आणि 288 जणांच्या विधानसभेत 2024 च्या निवडणुकीनंतरही स्त्रियांचे प्रमाण दहा टक्क्यांना पोचलेले नाही. 2023 च्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखण्याची तरतूद केली आहे. त्या जागांवर उभ्या राहणाऱ्या मुली आज कुठल्यातरी शाळेत पाचवी-सहावीत आहेत. मुख्याध्यापकांना विनंती एवढीच की या वर्षी मंत्रिमंडळ नेमण्याआधी मागच्या पाच वर्षांची यादी काढून पाहावी: कोणते पद, कोणत्या वर्षी, मुलगा की मुलगी, कोणत्या वस्तीतले, आणि प्रत्यक्षात काम काय केले. जुनी रजिस्टरे कपाटातच असतात, आणि ही यादी करायला एक दुपार पुरते.